न वाळणारं आयसिंग: श्रावणातल्या एका कुकी-ऑर्डरचा अभ्यास

रंगीत कुकीजच्या क्लासला येणाऱ्या बहुतेक जणींना नोझल कसं धरायचं ते शिकायचं असतं. हात बसायला वेळ लागतो हे खरं, पण पावसाळ्यात कोल्हापुरात एखादी ऑर्डर अडते तेव्हा हातामुळे अडलेली मी क्वचितच पाहिली आहे. ती अडते पाण्यामुळे. लोण्यातलं पाणी, रंगातलं पाणी आणि सगळ्यात जास्त हवेतलं पाणी. राजारामपुरीतल्या एका ताईंच्या ऑर्डरमध्ये ही तिन्ही पाणी एकाच आठवड्यात समोर आली, म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे, नाव मात्र देत नाही.

ताईंचा हात केकमध्ये चांगला बसलेला. घरगुती ऑर्डरी घेतात, अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन केलेलं, गिऱ्हाईक बांधलेलं. सजवलेल्या कुकीजची मोठी ऑर्डर मात्र पहिलीच.

ऑर्डर काय होती

ताराबाई पार्कातल्या एका मुलाचा आठवा वाढदिवस, श्रावणातल्या शनिवारी संध्याकाळी. मुलं चाळीस. प्रत्येकाला जाताना एक बॉक्स आणि बॉक्समध्ये तीन कुकीज: एक कोल्हापुरी चप्पल, एक फुटबॉलची जर्सी, एक लवंगी मिरची. एकूण १२०. कल्पना मुलाच्या आईची, आणि मला ती मनापासून आवडली. युनिकॉर्न आणि इंद्रधनुष्य सगळ्याच पार्ट्यांमध्ये असतात. कोल्हापूरच्या पोराच्या हातात चप्पल, जर्सी आणि मिरची पडणं याची मजा वेगळी. जर्सीचा आग्रह वडिलांचा. ते मूळचे पेठेतले, शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असली की दुकानाचं शटर खाली ओढणारे. तालीम कुठली ते लिहीत नाही.

अटी तीन. श्रावण असल्यामुळे अंडं अजिबात नको. रंग मोबाइलवर पाठवलेल्या फोटोसारखे हवेत: जर्सी गडद निळी आणि तिच्यावर पांढरे पट्टे, मिरची लालभडक, चप्पल तपकिरी आणि तिच्यावर थोडं सोनेरी. आणि बॉक्स शनिवारी दुपारी तीनपर्यंत पोचले पाहिजेत.

भाव कुकीमागे ६० रुपये ठरला. ताईंचं गणित सोपं होतं: गुरुवारी भाजायच्या, शुक्रवारी सजवायच्या, शनिवारी सकाळी भरायच्या. उन्हाळ्यात हे गणित बसलं असतं. सुदैवाने त्यांनी आधीच्या रविवारी नमुन्याचे दोन ट्रे करून बघितले आणि सोमवारी मला फोन केला. "मॅडम, आयसिंग वाळंचना झालंय. रात्रभर पंखा लावलाय, तरी बोटाला चिकटतंय बघा. आणि चपलांचं तर काय विचारूच नका."

चपलांचं काय झालं होतं

चपला पसरल्या होत्या. साच्यातून काढताना अंगठा, पट्टा, टाच सगळं नीट दिसत होतं. भाजून बाहेर आलं ते नुसतं लांबट बिस्किट. मिरच्यांची टोकं बोथट झालेली, कडेला बारीक फुगे.

कृती विचारली तेव्हा कारण लगेच सापडलं. गावाकडून म्हशीच्या दुधाचं घरचं लोणी आलं होतं आणि अर्धं काम त्याच्यावर केलं होतं. असलं लोणी खायला अमृत असतं, पण ते पाण्यात ठेवलेलं असतं आणि त्यात पाणी किती उरलंय याचा भरवसा नसतो. बाजारातल्या टेबल बटरला नियमानेच किमान ८० टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी १६ टक्क्यांच्या वर चालत नाही. घरच्या लोण्याला असा आकडा नाही. ज्यादा पाण्यात साखर जास्त विरघळते, ओव्हनमध्ये पीठ जास्त वेळ सैल राहतं आणि आकार धरायच्या आत पसरतं. पाण्याची वाफ होऊन फुगे येतात ते वेगळंच. त्यात ताईंनी केकच्या सवयीने बेकिंग पावडर घातली होती आणि लोणी-साखर फेसून फेसून पांढरी शुभ्र केली होती. केकला हे हवंच असतं. आकाराच्या कुकीला हवा नको असते. लोणी आणि साखर एकजीव झाली की थांबायचं.

त्या लोण्याचं ताईंच्या सासूबाईंनी सोमवारी संध्याकाळीच तूप कढवलं, घरभर वास सुटला. कुकीजसाठी बटर आलं.

पीठ मी जुन्याच मापाने करायला सांगितलं: वजनाने साखर एक भाग, बटर दोन भाग, मैदा तीन भाग. एका कुकीला कच्चं पीठ साधारण ३० ग्रॅम धरलं तर १२० कुकीजना ३ किलो ६०० ग्रॅम लागतं. म्हणजे पिठीसाखर ६०० ग्रॅम, बटर १ किलो २०० ग्रॅम, मैदा १ किलो ८०० ग्रॅम. तुटफूट धरून त्याच्यावर थोडं. मैद्यातला दहावा हिस्सा काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घातलं. अंड्याच्या जागी थंड दूध, तेही गोळा जमेल इतकंच, चमच्याचमच्याने. बेकिंग पावडर नाही.

लाटण्याची पद्धत बदलली, आणि खरा फरक तिथे पडला. पीठ मऊ असतानाच दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटायचं, लाटण्याच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या म्हणजे जाडी कुठे कमीजास्त होत नाही. मग लाटलेलं पीठ तसंच फ्रीजमध्ये. कडक झालं की बाहेर काढून साच्याने कापायचं, मिरचीची टोकं उचलताना वाकत नाहीत. कापलेला ट्रे पुन्हा फ्रीजरमध्ये पंधरा मिनिटं आणि थंडगारच ओव्हनमध्ये. १७० अंशांवर बारा मिनिटांच्या आसपास, कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत. ताईंचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, मागच्या बाजूला जास्त तापतो, त्यामुळे अर्ध्या वेळाने ट्रे फिरवायचा.

साच्याबद्दल एक सांगायला हवं. मिरची आणि जर्सीचे साचे विकत मिळाले, चपलेचा मिळेना. ताईंनी पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून स्टीलच्या पट्टीचा साचा वाकवून घेतला, आणि तो सुरेख झाला होता, अंगठ्याच्या जागेचा बाकसुद्धा बरोबर. फक्त जोडाला डाख, म्हणजे सोल्डर, लावलेला होता. डाखात बऱ्याचदा शिसं असतं. खाण्याच्या वस्तूला लागणारा साचा असेल तर पट्टीची टोकं एकमेकांवर घेऊन रिबीट मारून घ्यायचं, कारागिराला आधी सांगितलं की तो करून देतो. ताईंनी मंगळवारी जाऊन नवा करून आणला.

आयसिंग का वाळत नव्हतं

या प्रकरणाचा गाभा हा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

ताईंनी अंडं नको म्हणून पिठीसाखर, दूध आणि चमक यावी म्हणून लिक्विड ग्लुकोज असं आयसिंग केलं होतं. उन्हाळ्यात ते चार-सहा तासांत वरून कडक होतं आणि दिसतंही देखणं. श्रावणात रात्रभर पंख्याखाली ठेवूनही चिकट. ताईंना वाटलं दूध जास्त झालं, म्हणून त्यांनी साखर वाढवली. आयसिंग घट्ट झालं, नोझलमधून सुटेना, आणि तरीही वाळेना.

मी त्यांच्या स्वयंपाकघरात आर्द्रतामापक ठेवला. छोटा डिजिटल, घड्याळाएवढा. आकडा ८८ वर स्थिर झाला. बाहेर पावसाची झड, खिडकी उघडी, शेजारी कुकरची शिट्टी.

साखरेचा एक स्वभाव असा की, साखर विरघळलेलं दाट पाणी हवेत वाळायचं असेल तर हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या खाली असावी लागते. त्याच्या वर गेली की उलटा व्यवहार सुरू होतो: साखर हवेतून पाणी ओढते. म्हणजे ८८ टक्क्यांच्या खोलीत ते आयसिंग उद्या नाही, परवा नाही, आठवड्यानेही वाळलं नसतं. पंख्याचाही उपयोग नाही, कारण तो तीच ओली हवा फिरवतो. आणि साखरेत ग्लुकोज मिसळलं की ही मर्यादा आणखी खाली येते. पावसाळ्यात घरातला गूळ पाझरतो तो याच कारणाने. गुळात नुसती साखर नसते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि फ्रुक्टोज तर ६० टक्क्यांच्या थोड्या वरच्या आर्द्रतेलाच पाणी धरायला लागतं. गुळाच्या पेठेत हयात घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, ढेप कधी उघडी ठेवायची नाही हे त्याला ठाऊक असतं. चमकेसाठी घातलेलं ग्लुकोज हे ताईंच्या आयसिंगमध्ये नेमकं तेच काम करत होतं.

पेच असा की, भाजलेली कुकीसुद्धा याच हवेत मऊ पडते. तिला बंद डबा हवा आणि आयसिंगला उघडी हवा. दोघींना एकाच वेळी चालेल अशी जागा एकच: कोरडी खोली.

ताईंच्या घरात एसी एकाच खोलीत होता, मुलाच्या बेडरूममध्ये. ती रिकामी केली. दार-खिडक्या बंद, एसी हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्राय मोडवर, अभ्यासाच्या टेबलावर आणि पलंगावर फळ्या टाकून ट्रे. मुलगा दोन रात्री आजीजवळ झोपला आणि त्याबद्दल त्याने तुटलेल्या चपला वसूल केल्या. आर्द्रतामापक आम्ही त्या खोलीत नेला. ८६, ८०, ७१, आणि दीड तासाने ५४. ताई तो आकडा उतरताना बघत उभ्या होत्या. रविवारचे चिकट नमुने त्यांनी याच खोलीत ठेवले, आणि ग्लुकोज असूनसुद्धा सकाळपर्यंत वरचा थर कडक झाला होता. कृतीत न काही बदलता फक्त हवा बदलली होती.

एसी नसेल तर काय, हा प्रश्न मला क्लासमध्ये नेहमी येतो. हवा गरम केली की तिची पाणी धरण्याची ताकद वाढते. २५ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर तीच हवा ४० टक्क्यांच्याही खाली येते, एक थेंब पाणी न काढता. म्हणून ओटीजी थोडा तापवून बंद करायचा, आत हात सहज ठेवता येईल इतपत ऊब राहू द्यायची, ट्रे आत सरकवून दाराला लाकडी चमचा अडकवून फट ठेवायची. वीस-पंचवीस मिनिटांत वरची साय धरते, मग रंग एकमेकांत जात नाहीत. जास्त वेळ मात्र नाही, नाहीतर कुकीतलं बटर वितळून आयसिंगवर तेलकट डाग उमटतात. १२० कुकीजना ही पद्धत दमवते, वीस-तीसना चालते.

फ्रीजमध्ये ठेवून आयसिंग 'सेट' करायचा सल्ला बरेच जण देतात. पावसाळ्यात तो ऐकू नये. थंड कुकी बाहेर आली की तिच्यावर दव धरतं आणि रंगावर पांढुरके ठिपके पडतात ते कायमचे.

आयसिंगची कृतीही बदलली. काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकं दाट केलं की ते तसंच फेसाळतं. हे २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने करून दाखवलं आणि तेव्हापासून अंडं न खाणाऱ्यांसाठी मेरँगची, म्हणजे एरवी अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेसून करतात त्या पदार्थाची, वाट मोकळी झाली. चण्याचं दाट पाणी गार करून फेसायचं, त्यात कॉर्नफ्लोअर असलेली आयसिंग शुगर थोडी थोडी घालायची, व्हॅनिला जरा सढळ हाताने म्हणजे चण्याचा वास राहत नाही. ग्लुकोज नाही, ग्लिसरीन नाही. चमक थोडी कमी येते. ती कमीच आली.

निळ्याची गोष्ट

मुलाच्या आईची इच्छा होती की जमेल तितके रंग नैसर्गिक असावेत. ताईंनी गोकर्णाच्या वाळवलेल्या फुलांची पूड आणली. चण्याच्या पाण्यात ती कालवली आणि सुरेख निळा रंग उतरला, श्रावणात देवाला वाहतो त्या फुलाचा. मग फेस टिकावा म्हणून लिंबाचे काही थेंब पिळले आणि वाटीतला निळा डोळ्यांदेखत जांभळा झाला.

गोकर्णाचं रंगद्रव्य आंबटाला असंच वागतं. घाबरायचं कारण नसतं. ताईंनी लिंबू न घालता नवं आयसिंग केलं, निळं ते निळंच राहिलं. चण्याच्या पाण्याचा फेस आंबटाशिवायही धरतो, फक्त फेसायला जास्त वेळ लागतो. हळदीचं याच्या उलट आहे. पिठात खायचा सोडा असेल तर भाजताना हळद लालसर पडते. हळदीला चुना लागून कुंकू होतं, तीच क्रिया. आणि बीट पिठात घालून भाजलं तर गुलाबीचा मातकट तपकिरी होतो, उष्णतेपुढे ते टिकत नाही. या रंगांची जागा आयसिंगमध्ये, आणि तिथेही रस नाही, पूड. रस म्हणजे पुन्हा पाणी.

जर्सीचा निळा गडद मात्र झाला नाही. गोकर्ण आकाशी रंगापर्यंत जातं, त्याच्या पुढे पूड वाढवली की चव बिघडते. नमुन्याचा फोटो गेला तसा वडिलांचा फोन आला, "वहिनी, आमच्या तालमीचा निळा असा नसतोय हो." त्यांचं बरोबर होतं. शेवटी गोकर्णाच्या रंगावर ब्रिलियंट ब्ल्यू या खाण्याच्या कृत्रिम रंगाच्या जेलचा अगदी टोकावर येईल इतका अंश घातला. पांढऱ्यापासून सुरुवात केली असती तर कितीतरी जास्त घालावा लागला असता.

पांढऱ्या पट्ट्यांत निळा उतरण्याचा धोका सगळ्यात मोठा होता. दोन ओले रंग शेजारी आले की पाणी एकीकडून दुसरीकडे जातं आणि जाताना रंग घेऊन जातं. आधी निळा पूर्ण भरायचा, एसीच्या खोलीत रात्रभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पांढरा. पांढरं आयसिंग पातळ नाही, दातकोरणीने ओढलेली रेघ तशीच उभी राहील इतकं घट्ट. ज्यात पाणीच कमी, ते खालचा रंग काय विरघळवणार? शनिवारी दुपारपर्यंत एकाही जर्सीच्या पट्ट्यात निळा उतरला नव्हता.

लाल किती लाल

मिरचीचा लाल हा या ऑर्डरमधला सगळ्यात अवघड रंग, आणि कारण तांत्रिक कमी, जबाबदारीचं जास्त.

ताईंकडे लाल रंगाची एक कागदी पुडी होती, कुणीतरी दिलेली. पाण्यात चिमूटभर टाकली की रक्तासारखा रंग. त्यावर ना नाव, ना परवाना क्रमांक, ना रंगाचा क्रमांक. ती मी वापरू दिली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, कारण त्यात रोडामिन-बी सापडलं. ते कापड रंगवायचं द्रव्य आहे. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही तसंच पाऊल उचललं. सुट्या पुडीत काय आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि समोर चाळीस मुलं आहेत.

भारतात खाण्याच्या परवानगीचे आठ कृत्रिम रंग ठरलेले आहेत. लालसाठी पाँसो ४आर, कार्मोइसिन आणि एरिथ्रोसिन. पिवळ्या-केशरीसाठी टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. निळ्यासाठी इंडिगो कार्माइन आणि ब्रिलियंट ब्ल्यू. हिरव्यासाठी फास्ट ग्रीन. बाटलीवर यांतलं नाव किंवा क्रमांक असतो: पाँसोचा १२४, टार्ट्राझिनचा १०२, ब्रिलियंट ब्ल्यूचा १३३. तो नसेल तर बाटली घेऊ नये. आणि सर्वसाधारण मर्यादा आहे तयार पदार्थाच्या किलोमागे १०० मिलिग्रॅम. आपल्या ऑर्डरचं वजन आयसिंगसकट पावणेपाच किलोच्या आसपास. म्हणजे १२० कुकीजना मिळून शुद्ध रंग अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. एका मिरचीच्या वाट्याला साडेतीन ते चार मिलिग्रॅम. हा आकडा ताईंनी कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवला.

एवढ्यात फोटोतला लालभडक येत नाही. फोटोतले रंग ज्या देशांतले असतात तिथली जेलं वेगळी, आणि बरेचदा फोटोलाही रंग चढवलेला असतो. युरोपात २०१० पासून टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पाँसो यांच्यासह सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापावा लागतो. हे सगळं ताईंनी मुलाच्या आईला फोनवर सांगितलं. मी शेजारी बसले होते. मला वाटलं होतं वाद होईल. त्या म्हणाल्या, "मिरची ओळखू आली म्हणजे झालं. पोरांच्या जिभा लाल करून काय करायचंय?"

गडद जेल जास्त घातल्याने आणखी एक नुकसान होतं: जेलमध्ये ग्लिसरीन किंवा ग्लुकोज असतं, त्यामुळे लाल आणि काळं आयसिंग सगळ्यात शेवटी वाळतं आणि सगळ्यात आधी पाझरतं. आम्ही आयसिंग आधी बिटाच्या पुडीने गुलाबी केलं, मग त्यात मोजून जेल घातलं आणि भांड्यावर ओला रुमाल टाकून रात्रभर ठेवलं. रंग मुरला की तो एक-दोन छटा आपोआप गडद होतो. संध्याकाळी फिक्या दिसलेल्या वाटीत सकाळी चांगला लाल दिसला. घाईत बाटली पुन्हा उलटी करायची नाही, एवढं पथ्य. थर पातळ दिला, देठ हिरवा, आणि मिरचीच्या अंगावर पांढऱ्याची एक बारीक रेघ चमक म्हणून ओढली. त्या रेघेने लाल उठून दिसला.

चपलांसाठी वेगळं जेल लागलंच नाही. तपकिरी कोकोने आला, शिवण पांढऱ्याची, वरचा गोंडा उरलेल्या लालाचा. सोनेरीसाठी आणलेल्या चमकीच्या डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं होतं. याचा अर्थ ती खाण्याची आहे असा होत नाही. खाण्याच्या चमकीवर घटक छापलेले असतात. डबी बाजूला गेली, सोनेरीच्या जागी हळदीच्या पिवळ्या आयसिंगचे ठिपके आले. मला विचाराल तर तीन प्रकारांत चप्पल सगळ्यात देखणी झाली.

आठवडा कसा गेला

मंगळवारी पीठ आणि साचा. बुधवारी भाजणं, दुपारी तासभर लाइट गेली, तेवढा वेळ कापलेले ट्रे फ्रीजरचं दार न उघडता तसेच राहिले. कुकीज पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यांत, कोमट भरल्या की आत वाफ धरते. गुरुवारी निळा, लाल आणि तपकिरी भरून झाला, रात्रभर एसी. शुक्रवारी पट्टे, शिवण, देठ, गोंडे. शनिवारी सकाळी प्रत्येक प्रकारातली सगळ्यात जाड आयसिंगची कुकी निवडून मधोमध बोटाने दाबून पाहिली. कडा आधी वाळतात, मध्य फसवतो. दोन मिरच्या मध्ये दबल्या, त्या काढल्या. तुटलेल्या, रेघ चुकलेल्या धरून डझनभर बाद झाल्या; जास्तीच्या केलेल्या असल्याने आकडा पुरला.

प्रत्येक कुकी वेगळ्या पाकिटात सील केली, तेही एसीच्याच खोलीत, म्हणजे पाकिटात कोरडी हवा गेली. बॉक्सवर स्टिकर: घटक, गहू आणि दूध असल्याची नोंद, तारीख, चौदा आकडी रजिस्ट्रेशन क्रमांक आणि परवानगीचा कृत्रिम रंग वापरल्याचं वाक्य. हे वाक्य छापायला ताई आधी कचरत होत्या, गिऱ्हाईक बिचकेल म्हणून. ते छापणं बंधनकारक आहे, आणि मुलाच्या आईने नेमकं तेच वाचून समाधान व्यक्त केलं.

पाऊस कोसळत होता, दुचाकीवर नेणं शक्यच नव्हतं. रिक्षाने अडीचला बॉक्स ताराबाई पार्कात पोचले.

जर्सी पोरांनी आधी फस्त केल्या. मिरची एका छोट्या मुलीने तिखट असेल म्हणून हातातच धरून ठेवली, मग आजीने तोडून भरवली. दोन दिवसांनी ज्यांनी पाकीट उघडून ठेवलं होतं त्यांच्या कुकीज मऊ पडल्याचा निरोप आला, बंद पाकिटातल्या खुसखुशीत होत्या. मिरची फोटोइतकी लाल नव्हती हे एका पाहुण्यांनी बोलून दाखवलं.

हिशोबाच्या बाजूने ही ऑर्डर ताईंना फारशी परवडली नाही. ७,२०० रुपयांतून वाया गेलेला पहिला माल, दुसरा साचा, दोन-तीन दिवसांची एसीची वीज आणि बॉक्स वजा जाता त्यांच्या मेहनतीला जे उरलं ते केकच्या ऑर्डरीपेक्षा कमी होतं. त्यांनी दरपत्रक बदललं. जून ते सप्टेंबर आयसिंगच्या कुकीजचा भाव वेगळा, ऑर्डर किमान दहा दिवस आधी, आणि गडद लाल, काळा घ्यायचा नाही. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांच्यासाठी रंग पिठातच असलेल्या कुकीज: कोकोचं पीठ आणि सोडा नसलेलं हळदीचं पीठ पट्ट्या करून एकत्र लाटायचं, गार करून कापायचं, भाजायचं. वाळवायला काहीच नाही, भाजून गार झाल्या की थेट डब्यात. गणपतीच्या आधी आलेली पहिली ऑर्डर त्यांनी याच प्रकारची घेतली.